जगाला वेढणारा सर्प : ऊर्नेस शैलीत योर्मुंगांड रंगवताना

उत्तर युरोपातील नॉर्स पुराणकथांत, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलंड या प्रदेशांत ख्रिस्ती धर्म रुजण्यापूर्वी सांगितल्या जाणाऱ्या देवदैत्यांच्या कथांत, योर्मुंगांड हा सर्प मिडगार्डला, म्हणजे माणसांच्या वस्तीच्या जगाला, समुद्रातून वेढा घालून स्वतःचीच शेपूट तोंडात धरून पडलेला असतो. कपटी देव लोकी आणि आंग्रबोडा नावाची राक्षसीण यांचे हे अपत्य असून फेनरिर हा महाकाय लांडगा आणि मृतांच्या लोकाची स्वामिनी हेल ही त्याची भावंडे होत. देवांचा प्रमुख ओडिन याने त्याला समुद्रात भिरकावले आणि तेथे तो वाढत वाढत जगाएवढा झाला, असे आइसलंडमधील विद्वान स्नोरी स्टुर्लुसन याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘एड्डा’ या ग्रंथात सांगितले आहे. मेघगर्जनेचा देव थोर हा या सर्पाचा हाडवैरी होय. एकदा बैलाचे मुंडके गळाला लावून थोरने त्याला पाण्याबाहेर ओढले, परंतु होडीतला सोबती हिमिर नावाचा राक्षस भेदरला आणि त्याने गळाची दोरी कापून टाकली. पुढे राग्नारोक, म्हणजे जगाच्या अंताच्या वेळचे युद्ध, सुरू होते तेव्हा थोर त्याला ठार मारतो खरा, पण त्याच्या विषामुळे नऊ पावले चालून स्वतःही कोसळतो.

हा प्राणी चित्रासाठी निवडण्यामागे त्याच्या भव्यतेपेक्षाही महत्त्वाचे कारण असे की, व्हायकिंग काळातील लोकांनी तो खरोखरच रंगवला, कोरला आणि भिंतीवर मिरवला. नवव्या शतकातील कवी ब्रागी बोडासन याच्या ‘राग्नार्सद्रापा’ या काव्यात भेट मिळालेल्या एका ढालीवरील चित्रांचे वर्णन असून त्यांपैकी एक चित्र थोरच्या या मासेमारीचे आहे. आइसलंडमधील ह्यार्दारहोल्ट येथील दिवाणखान्याच्या लाकडी भिंतींवरही हाच प्रसंग होता, हे ‘हुसद्रापा’ या काव्यावरून कळते. स्वीडनमधील आल्टुना येथील शिळेवर थोरने इतका जोर लावलेला दिसतो की त्याचा पाय होडीचा तळ फोडून खाली उतरला आहे, आणि त्याखाली गळाभोवती सर्पाची वेटोळी आहेत. आज मात्र योर्मुंगांड रंगवू पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चित्रपटांतला आणि संगणकीय खेळांतला प्राणी असतो, म्हणजे चकचकीत खवले, शिंगे, लालबुंद डोळे आणि मागे धुराचे लोट. तसे चित्र काढण्यात गैर काही नाही. परंतु पारंपरिक शैलीत काम करायचे असेल, तर या सगळ्याची रजा घ्यावी लागते, कारण त्या शैलीत सर्पाचे सामर्थ्य त्याच्या रेषेच्या वळणात असते, आणि रेषा साधली नाही तर रंग, खवले किंवा डोळे यांपैकी काहीही चित्राला वाचवू शकत नाही.

‘पारंपरिक शैली’ हा शब्द येथे नेमका करणे आवश्यक आहे. साधारण इ.स. ८०० ते ११०० या काळातील नॉर्डिक अलंकरणाचे अभ्यासकांनी ओसेबर्ग, बोरे, येलिंग, मामेन, रिंगेरिके आणि ऊर्नेस असे सहा टप्पे मानले असून त्यांची नावे त्या त्या शैलीतील ठळक वस्तू जेथे सापडल्या किंवा जेथे आहेत त्या ठिकाणांवरून पडली आहेत. बोरे शैलीतील प्राणी आखूड, घट्ट आणि चौकटीला पंजांनी पकडून बसणारे असतात; मामेन शैलीत प्राण्याच्या अंगाला दुहेरी कड असते आणि आतली जागा ठिपक्यांनी भरलेली असते; रिंगेरिके शैलीत प्राण्यांच्या अंगातून वेलींचे आखूड तुरे झुपक्याझुपक्याने फुटतात. या तिन्ही शैली सुंदर आहेत, पण एका लांबलचक सर्पाला साजेशी शैली ती शेवटचीच, म्हणजे साधारण १०५० ते ११२५ या काळातील ऊर्नेस शैली होय. स्वीडनमधील उपलांड प्रांतात त्या काळी उभारलेल्या शेकडो रूनशिळांवर, म्हणजे रून लिपीतील स्मृतिलेख कोरलेल्या दगडांवर, हीच शैली दिसते आणि तेथे तर लेखाची पट्टीच सर्पाच्या अंगाची बनवलेली असते. दोन शैलींची सरमिसळ नवशिक्याने करू नये, कारण मामेनचे ठिपके ऊर्नेसच्या सडपातळ अंगात भरले की दोन्हींची लय बिघडते.

या शैलीला नाव देणारे ऊर्नेस गाव नॉर्वेत सोग्न फ्योर्डच्या एका फाट्याच्या काठी असून तेथे ११३०च्या सुमारास बांधलेले लाकडी चर्च आजही उभे आहे. उभ्या खांबांच्या सांगाड्यावर फळ्यांच्या भिंती बसवून केलेल्या अशा चर्चला ‘स्टाव्ह चर्च’ म्हणतात आणि हे चर्च १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या उत्तरेकडील भिंतीत मात्र आधीच्या, १०७०च्या सुमाराच्या चर्चचे कोरीव दार बसवलेले आहे आणि शैलीचा पाठ घ्यायचा तो त्या दारापासूनच घ्यावा. दाराच्या डाव्या बाजूला खाली एक चार पायांचा सडसडीत प्राणी उभा आहे. त्याची मान वर वळून एका सर्पाला चावते, तो सर्प पुन्हा त्यालाच चावतो, आणि दोघांच्या भोवती दोऱ्याएवढ्या बारीक वेली अशा फिरतात की नजर एका ठिकाणी थांबतच नाही. काहींच्या मते हा प्राणी सिंह आहे, तर काहींना त्यात जगद्वृक्षाचे मूळ कुरतडणारा नीडहॉग दिसतो. चित्रकाराने लक्ष द्यावे ते त्याच्या बांध्याकडे. तेथे जाड आणि बारीक अशा दोनच जातीच्या रेषा आहेत. जाड रेषा मानेपाशी फुगते आणि पायाकडे निमुळती होत जाते, बारीक रेषा मात्र अथपासून इतिपर्यंत जवळजवळ एकाच जाडीची राहते, आणि कोठेही कोन नाही, गचका नाही, एकदम वळण नाही. इंग्रजी आठचा आकडा काढताना हात जसा फिरतो, तसे एकमेकांत गुंतलेले मोठे, मोकळे फास हा या रचनेचा पाया आहे.

प्राण्याच्या डोक्याचे नियमही ठरलेले आहेत. ऊर्नेस शैलीत डोके नेहमी बाजूने दिसते. डोळा बदामाच्या आकाराचा असून त्याचे टोक नाकाकडे असते आणि तो इतका मोठा असतो की डोक्याची बहुतेक जागा तोच व्यापतो. वरचा ओठ लांबवून त्याच्या टोकाला किंचित मुरड दिलेली असते, खालचा ओठ बारीक आणि आकड्यासारखा वाकलेला असतो. वरून पाहिल्यासारखे, दोन डोळे दोन्ही बाजूंना असलेले सर्पाचे डोके उपलांडच्या शिळांवर आढळते, परंतु ते आधीच्या काळातले आहे. आन-सोफी ग्रेस्लुंड या स्वीडिश पुरातत्त्वज्ञ विदुषींनी शिळांवरील डोक्यांच्या ठेवणीवरून त्यांचा कालक्रम लावला असून त्यात वरून दिसणारे डोके आणि बाजूने दिसणारे डोके हे वेगवेगळे गट मानले आहेत. भारतीय हाताकडून होणारी चूक निराळीच असते आणि ती आधीच सांगितलेली बरी. आपल्याकडे सर्प म्हटला की शेष, वासुकी आणि नागपंचमीचा नाग डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे पेन्सिल नकळत फणा काढते. योर्मुंगांडला फणा नाही. त्याच्या अंगावर खवलेही काढत नाहीत. फार तर कडेला समांतर अशी एक आतली रेषा असते. जीभ दाखवायचीच असेल तर ती दुभंगलेली न काढता वेलीच्या टोकासारखी काढावी.

रेखाटनाला सुरुवात पेन्सिलने न करता दोरीने करावी. तीस सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच कागद सपाट पाटावर पसरून त्यावर साधारण दोन मीटर लांबीची मऊ सुती नाडी टाकावी आणि तिचे फास करून पाहावेत: प्रथम एक मोठा उभा आठ, मग त्याच्या वरच्या फासातून परत येणारा दुसरा वळसा, आणि शेवटी दोन्ही टोके खालच्या बाजूला एकत्र. नाडी स्वतःच्या वजनाने आणि ताठपणाने जे वळण घेते ते बहुधा डोक्यात योजलेल्या वळणापेक्षा अधिक सहज असते, आणि ती जेथे दुमडून खडा कोन करते तेथे फास फार लहान झाला आहे हे लगेच समजते. फासाच्या आत किमान दोन बोटे सहज मावतील एवढी मोकळीक हवी. पहिल्या चित्रासाठी सात ते नऊ छेदबिंदू, म्हणजे दोरी स्वतःलाच ओलांडते अशा जागा, पुरेशा असतात. आणि एकाच जागी तीन पदर येऊ देऊ नयेत, कारण तेथे कोण वर आणि कोण खाली हे डोळ्याला उलगडत नाही. मांडणी मनासारखी झाली की नाडीच्या मधोमध पेन्सिलची हलकी रेघ मारत जावे आणि नाडी उचलावी.

विणीचा नियम एकच आहे: पदर एका छेदावर वरून गेला की पुढच्या छेदावर खालून जातो, त्यापुढच्यावर पुन्हा वरून. येथे योर्मुंगांडची कथा चित्रकाराच्या कामी येते. सर्पाने स्वतःची शेपूट तोंडात धरली म्हणजे त्याचे अंग ही भूमितीच्या भाषेत एक बंद वक्ररेषा झाली, आणि सपाट पृष्ठावरच्या कोणत्याही बंद वक्ररेषेला, ती कितीही गुंतागुंतीची असली तरी, वर-खाली-वर-खाली ही वीण शेवटपर्यंत न चुकता लावता येते, कारण एका छेदबिंदूपासून निघून त्याच बिंदूवर परत येईपर्यंत मध्ये ओलांडाव्या लागणाऱ्या जागा सम संख्येनेच येतात. टोके मोकळी असलेल्या रेषेच्या बाबतीत अशी खात्री नसते. तिचे एखादे टोक फासाच्या आत अडकले तर कोठेतरी सलग दोनदा ‘वरून’ येते. त्यामुळे मुख्य सर्पाभोवती गुंतणारी बारीक वेल किंवा लहान सर्प काढताना वीण चुकते आहे असे दिसले, तर सगळे खोडण्याऐवजी त्या वेलीचे टोक एक पदर ओलांडून पुढे न्यावे किंवा एक पदर मागे घ्यावे. तेवढ्याने गणित जुळते. तपासणीसाठी डोक्यापासून बोट फिरवत जावे आणि प्रत्येक छेदावर ‘वर’, ‘खाली’ असे मोठ्याने म्हणावे. हे पोरकट वाटेल, पण डोळ्याला न दिसलेली चूक जिभेला हमखास अडखळते.

मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जाडी द्यायची ती मोजून द्यावी. हे रेखाटन पुढे ज्या कागदाएवढ्याच लाकडी फळीवर उतरवायचे, तिच्यावर अंगाची सर्वांत जास्त रुंदी अठरा मिलिमीटर ठेवावी आणि ती मानेनंतरच्या पहिल्या तृतीयांशात यावी. तेथून शेपटीपर्यंत ती हळूहळू चार मिलिमीटरवर उतरावी. लहान सर्पाला सर्वत्र चार-पाच मिलिमीटर पुरतात. दोन पदरांमधली मोकळी जागा शक्यतो जाड पदराच्या रुंदीपेक्षा कमी नसावी, कारण ऊर्नेस शैलीतील जागा ही रेषेइतकीच बोलकी असते आणि नवशिक्याचे चित्र बिघडते ते बहुतेक वेळा कमी भरल्यामुळे नव्हे, तर जास्त भरल्यामुळे. पक्के रेखाटन ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्यावे.

आता फळीकडे वळावे. उत्तर युरोपात ओक आणि पाइन ही लाकडे वापरात होती. महाराष्ट्रात वखारीत पाइन सहज मिळते आणि शिवणीचे लाकूडही चांगले, कारण ते हलके असून फारसे वाकत नाही. सागाची फळी मजबूत असते, परंतु सागात मुळात तेल असल्याने त्यावर सरस नीट धरत नाही, म्हणून ती टाळावी. फळी अठरा ते वीस मिलिमीटर जाड, पूर्ण वाळलेली आणि गाठी नसलेली घ्यावी, रंधून आणि पॉलिश पेपरने घासून सपाट करावी. त्यानंतर सरस, म्हणजे प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना सुतारी गोंद, एक भागाला दहा-बारा भाग पाणी या प्रमाणात रात्रभर भिजवावा, दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात त्याचे भांडे ठेवून वितळवावा आणि फळीच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही बाजूंना त्याचा एक हात द्यावा. सरस उकळू देऊ नये, उकळला की त्याची पकड जाते. मागची बाजू कोरडी सोडली तर पहिल्याच पावसाळ्यात फळी वाकते, हे ध्यानात ठेवावे. याच कोमट सरसात व्हायटिंग, म्हणजे खडूची बारीक भुकटी, ताकाएवढे दाट होईपर्यंत मिसळून पुढच्या बाजूला चार ते सहा पातळ हात द्यावेत, एक आडवा तर पुढचा उभा, आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हस्तिदंतासारखे गुळगुळीत करावे. खडूचे असे अस्तर मध्ययुगीन युरोपातील फलकचित्रांची रीत आहे. व्हायकिंग काळातील सुतार थेट लाकडावर रंग देत असला तरी, सपाट फळीवर ब्रशने रेषा ओढणाऱ्यासाठी अस्तर ही मोठी सोय आहे, आणि ती घ्यावी.

त्या काळी रंग वापरले जात होते याबद्दल शंका नाही, जरी आज संग्रहालयांत दिसणारे दगड आणि लाकूड करडे-तपकिरी असले. नॉर्वेतील गोकस्टाड येथील जहाजाच्या दोन्ही कडांना लावलेल्या चौसष्ट ढाली एकाआड एक पिवळ्या आणि काळ्या रंगवलेल्या होत्या; स्वीडनच्या ओलांड बेटावर कोपिंग येथील चर्चमध्ये सापडलेल्या शिळांच्या तुकड्यांवर लाल आणि काळ्या रंगाचे अवशेष आहेत; डेन्मार्कमधील हॉर्निंग येथील अकराव्या शतकातल्या चर्चच्या एका फळीवर तर ऊर्नेस शैलीतला सर्प असून त्यावरचा रंग अंशतः टिकला आहे. आज स्वीडनमधील रूनशिळांची अक्षरे सरसकट लाल रंगवलेली दिसतात, पण ती वाचता यावीत म्हणून अलीकडे रंगवली जातात. मूळ शिळा एकरंगी नव्हत्या.

रंगांच्या बाबतीत मराठी वाचकाला एक सोय आहे. उत्तर युरोपातला लाल मातीचा रंग आणि आपल्याकडची काव किंवा गेरू हे दोन्ही लोहाच्या ऑक्साइडचेच रंग आहेत. कोकण-गोव्यातील मंदिरांच्या भिंतींवरील कावी काम ज्या मातीने होते, तीच जात. पिवळ्यासाठी पिवडी, म्हणजे पिवळी माती, काळ्यासाठी तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी आणि पांढऱ्यासाठी बाजारात तयार मिळणारी टायटॅनियम व्हाइटची पूड एवढे साहित्य पुरते. टायटॅनियम व्हाइट हा विसाव्या शतकातला रंग आहे, परंतु जुना पांढरा रंग शिशाचा असल्याने ही तडजोड निःसंकोच करावी. याच कारणाने शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ या तिघांना हात लावू नये, कारण शेंदरात शिसे, हिंगुळात पारा आणि हरताळात आर्सेनिक असते. मध्ययुगात हे रंग वापरले जात आणि आपल्याकडेही ते मिळतात, म्हणून मोह होतो. पण कोरडी पूड घोटताना ती नाकातोंडात जाते, आणि घरात लहान मुले असतील तर हा धोका कोणत्याही चित्रासाठी पत्करण्याजोगा नाही. निरुपद्रवी माती घोटतानाही मास्क लावावा.

रंग फळीला धरून राहण्यासाठी बंधक, म्हणजे पुडीचे कण एकमेकांना आणि पृष्ठभागाला चिकटवणारे द्रव्य, लागतो. उत्तर युरोपात जवसाचे तेल त्यासाठी चांगले परिचित होते, परंतु तेलाचा प्रत्येक हात वाळायला कित्येक दिवस लागतात आणि दमट हवेत त्याहून अधिक, म्हणून येथे अंड्याच्या बलकाची, म्हणजे एग टेम्पराची, पद्धत सुचवली आहे. अंडे फोडून पांढरे निथळू द्यावे. पिवळा बलक एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर घेत, मधल्या मध्ये हात पुसत, त्याच्यावरचा सगळा ओलसर चिकटपणा घालवावा. मग कोरड्या झालेल्या बलकाची पातळ त्वचा चिमटीत अलगद उचलून तो वाटीवर लोंबता धरावा आणि खालून टाचणीने टोचावा, म्हणजे आतला द्रव वाटीत पडतो आणि त्वचा बोटांत राहते. त्यात तेवढेच पाणी आणि व्हिनेगरचे दोन थेंब घालावेत. हे मिश्रण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, पण वास बदलला की टाकून द्यावे. रंगाची पूड आधी पाण्यात काचेवर घोटून लोण्यासारखी करावी आणि वापरायच्या वेळी तिच्यात तेवढाच बलक मिसळावा. काजळी पाण्यावर तरंगते आणि काही केल्या भिजत नाही. तिला प्रथम स्पिरिटच्या एक-दोन थेंबांत कालवले की मग पाणी घेते. प्रमाण बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी रंगाचा एक पट्टा काचेवर ओढून वाळू द्यावा आणि ब्लेडने खरवडावा. कातड्याच्या चिंधीसारखी लवचीक साल निघाली तर प्रमाण ठीक, पूड उडाली तर बलक कमी, आणि पृष्ठभाग तुपकट चमकू लागला तर बलक जास्त. अंडे न वापरणाऱ्यांनी दुधाचा बंधक घ्यावा: साय पूर्ण काढलेल्या दुधाचे पनीर पाणी निथळून घ्यावे आणि पाच भाग पनिराला एक भाग भिजवलेला चुना घालून घोटावे, म्हणजे चिकट, अर्धपारदर्शक रस तयार होतो. मातीचे रंग चुन्याने बिघडत नाहीत. मात्र चुना कातडीला लागू देऊ नये आणि हा रस त्याच दिवशी संपवावा.

रेखाटन फळीवर उतरवताना ट्रेसिंग पेपरच्या पाठीला गेरूची पूड चोळून तो फळीवर चिकटपट्टीने बसवावा आणि बोथट टोचणीने रेषांवरून फिरवावे, म्हणजे तांबूस खुणा उमटतात. त्यानंतर त्याच रेषा टोकदार टोचणीने अस्तरात किंचित कोरून घ्याव्यात. मूळ शैली कोरीव कामाची असल्याने ही केसाएवढी खाच चित्राला शोभते, आणि शिवाय ब्रश तिच्या काठाने आपोआप चालतो.

रंगसंगती अशी ठेवावी: पार्श्वभूमी काळी, मुख्य सर्प कावेचा लाल, लहान सर्प पिवळा, आणि डोळा व आतली समांतर रेषा पांढरी. प्रथम पार्श्वभूमी भरावी. टेम्परा रंग पाण्याइतका पातळ घेऊन ब्रश बोटांनी जवळजवळ पिळून काढावा आणि बारीक, सुट्या रेघोट्या शेजारी शेजारी मारत जावे. पहिला हात डागाळलेला आणि फिकट दिसेल, त्याने घाबरू नये, कारण गडदपणा पाचव्या-सहाव्या हाताला येतो, आणि एकाच हातात जाड रंग दिला तर तो तडकतो. हा रंग काही मिनिटांतच वाळतो, म्हणून ओल्यात ओला मिसळून छटा करण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. तशी गरजही नाही, कारण या शैलीत सावली नसते, अंगाला गोलाई दाखवायची नसते आणि प्रकाश कोठल्या बाजूने येतो हा प्रश्नच उद्भवत नाही. पदर वर आहे हे दाखवायचे ते फक्त एका युक्तीने: जेथे एक पदर दुसऱ्यावरून जातो, तेथे वरच्या पदराच्या दोन्ही कडांना लागून खालच्या पदराचा रंग एक मिलिमीटर आधीच थांबवावा आणि तेवढी काळी फट सोडावी. दोन हातांच्या अंतरावरून पाहिले की ती फट दिसेनाशी होते आणि सर्प खरोखरच स्वतःच्या अंगाखालून निघाल्यासारखा भासतो.

पांढरी रेषा सर्वांत शेवटी आणि सर्वांत निवांत वेळी ओढावी. लांब केसांचा बारीक ब्रश घ्यावा, रंग दुधाएवढा पातळ ठेवावा, मनगट न वाकवता खांद्यापासून हात फिरवावा, आणि वळण आले की हात न वळवता फळी फिरवावी. रेषा पदराच्या उघड्या भागावर सुरू किंवा बंद न करता पदराखाली लपणाऱ्या जागी सुरू करावी, म्हणजे जोड दिसत नाही. चुकलेली रेषा पुसू नये. ती पूर्ण वाळू द्यावी, नव्या ब्लेडने हळूच खरवडावी आणि त्या जागी लाल रंगाचे दोन हात देऊन पुन्हा ओढावी.

सर्पाच्या अंगावर रून लिपीत नाव लिहिण्याची इच्छा अनेकांना होते आणि ती शैलीला धरूनच आहे, मात्र त्यासाठी त्या काळची सोळा चिन्हांची लिपी वापरावी. चोवीस चिन्हांची जुनी लिपी आठव्या शतकाच्या सुमारास मागे पडली होती, आणि ती ऊर्नेस सर्पावर लिहिणे म्हणजे तीन शतकांचा गोंधळ होय. सोळा चिन्हांत ग आणि क, द आणि त, प आणि ब, ए आणि इ, ओ, उ आणि व यांना वेगळी चिन्हे नाहीत, त्यामुळे ‘गोविंद’ हे नाव क, उ, इ, न, त अशा चिन्हांनीच लिहावे लागते. अक्षरे डोक्याकडून शेपटीकडे, पट्टीच्या दोन्ही कडांना टेकतील एवढी उंच लिहावीत. नाव लिहायचे असेल तर त्या भागातील आतली समांतर रेषा गाळावी, दोन्हींची गर्दी करू नये.

पूर्ण झालेले चित्र हाताला लगेच कोरडे लागते, परंतु बलक पुरता कडक व्हायला तीन ते सहा महिने जातात आणि तोपर्यंत नख लागले तरी ओरखडा उठतो. या काळात त्यावर व्हार्निश लावू नये, काच चढवू नये आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, कारण सरस आणि अंडे ही दोन्ही बुरशीची आवडती खाद्ये आहेत. कोकणासारख्या दमट भागात काम दिवाळीनंतर सुरू करावे, म्हणजे पावसाळा येईपर्यंत रंग पक्का झालेला असतो. टांगताना भिंत आणि फळी यांमध्ये हवा खेळण्यासाठी मागे दोन लहान लाकडी गुट्ट्या ठोकाव्यात. तीन महिन्यांनी जुन्या धुतलेल्या मलमलीने, जोर न देता, सर्पाच्या वळणाच्या दिशेने चित्र हळूहळू घासले की काळा आणि लाल या दोन्ही रंगांवर अंड्याच्या कवचासारखी मंद झळाळी येते.